पायी माणसाच्या चालीनं

"मिस्त्रींना एवढंच सांगा ताई, गाडी पळायला नको, चालायला हवी. पायी माणूस चालतो ना, तशी. आणि काही झालं तरी मधेच बंद पडायला नको."

हे सांगणारा माणूस गाडीवरून खाली उतरला नाही. मी दारातल्या तगरीची फुलं काढत होते. तो आमच्या गॅरेजच्या पत्र्याखाली येऊन थांबला तो गाडी चालूच ठेवून, उजवा पाय जमिनीला टेकवून. गाडी आचके देत होती. विझतेय असं वाटलं की तो मूठ पिळायचा आणि ती पुन्हा धडपडत जिवंत व्हायची. चैत्राचं ऊन असून डोक्याला मफलर.

"हे बाहेर गेलेत. उतरा की, पाणी आणते," मी म्हटलं. गॅरेजवाल्याच्या बायकोला म्हणावंच लागतं.

"नको, उतरत न्हाई." त्यानं गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, कालव्याच्या वाटेनं पहाटे बायका जातात का हो, महादेवाला?"

माझा हात फुलावरच राहिला.

"जातात."

"कुठवर असतात वाटेवर? उजाडेपर्यंत?"

"का हो?"

"न्हाई, सहज. येतो मी परत."

गेला. मागच्या नंबराच्या पाटीवर चिखल बसलेला होता, एक आकडा दिसेल तर शपथ.

त्याच पंधरवड्यात गोदाक्काचं मंगळसूत्र गेलं होतं. गोदाक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. कालव्याच्या वाटेवर मागून मोटारसायकल आली, हात गळ्यात पडला, आणि ती बिचारी फरफटत मैलाच्या दगडापर्यंत गेली. गळ्याभोवतीचा लाल वळ अजून उतरला नव्हता. जो येईल त्याला सांगायची, "मेला इतका हळू आला गं, मला वाटलं कुणीतरी ओळखीचंच. मी बाजूला होऊन वाट दिली त्याला! माझ्या हातानं वाट दिली बघ, शालन!"

तिच्या आधी तशाच दोघींची गेली होती. बायकांनी पहाटेचं देवाला जाणं सोडलं. मी मात्र जात होते. आंघोळ करून अनवाणी निघायचं, तांब्याभर पाणी महादेवाच्या पिंडीवर घालायचं, आणि ते पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझा लग्न होऊन आले त्या वर्षापासूनचा नेम. हे म्हणाले होते, "जा बाई, पण मंगळसूत्र घरी ठेवून जा." मी म्हटलं, "आणि मोकळ्या गळ्यानं देवापुढं उभी राहू?" पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून मी जायची.

संध्याकाळी यांना त्या माणसाचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, कपाळाला आठी पडेल. तर यांचे डोळे लकाकले.

"चालायला हवी म्हणाला? पायी माणसासारखी?"

"हो. आणि बायका कधी जातात तेही विचारत होता."

"आजवर जो आला तो पळवायलाच मागत आला," हे स्वतःशीच म्हणाले. "पळवायला काय, कुणीबी पळवंल."

"अहो, मी काय सांगतेय?"

"ऐकलं की."

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. मी देवघरात होते. खिडकीतून दिसलं, तो गाडीवरच बसलेला आणि हे त्याच्याजवळ उभे, हातातलं फडकं तसंच. बराच वेळ तोच बोलत होता. पूजा आटोपून मी बाहेर आले तसा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी हे स्वतः जाऊन ती गाडी घेऊन आले. कुठून आणली, विचारलं, तर "हाय एकाची," एवढंच.

मग आमच्या अंगणात जे सुरू झालं ते मी जन्मात बघितलं नव्हतं. यांनी कार्बोरेटर खोलला, त्यातली भोकं पेट्रोलनं धुतली, तोंडानं फुंकली, उन्हाकडे धरून बघितली. मागच्या चाकाला मोठं दातेरी चक्र बसवलं, म्हणजे इंजिनाचे ठोके तेवढेच पडले तरी चाक कमी फिरतं. मग हवेचा स्क्रू. पूर्ण आवळायचा, दीड आटा सोडायचा, ऐकायचं. पुन्हा केसभर इकडे, केसभर तिकडे. जेवताना मला समजावून सांगायचे, "हळू चालताना इंजिनाला दम पुरत न्हाई. हवा जास्त झाली तर आचके देतं, पेट्रोल जास्त झालं तर गुदमरतं. मधली जागा सापडली पायजे."

"पण त्याला एवढं हळू जायचंय कुणाच्या मागं?"

हे भाकरी मोडत राहिले.

सकाळी गाडी थंड असताना कशी चालते ते बघायचं असे, आणि यांना पहाटेचा खोकला. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. देवळातून परत आले की चौथऱ्यावर उभं राहून किक मारायची. "ॲक्सिलरेटरला हात लावायचा न्हाई," अंथरुणातून आवाज यायचा. "नुसती किक, आणि ऐकायचं." गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नऊवारीतली भटीण गाडी चालू करते म्हणायच्या. मी भटीण नव्हे, पण उपासतापासामुळं नाव पडलेलं.

पहिल्या दिवशी गाडी चार ठोके देऊन मेली. मग जरा जास्त. शेवटी अशी बसली की मी तुळशीपाशी जप करत उभी राहिले, आणि थोड्या वेळानं ध्यानात आलं, माझा जप त्या ठोक्यांवर पडतोय. एक नाम, एक ठोका. मी दचकून माळ खाली ठेवली. कसल्या कामाला लागणार होती ती गाडी, कोण जाणे.

"इतकी गुणी गाडी चोराच्या हातात द्यायची?" मी यांना विचारलं.

"चोर न्हाई तो."

"मग कोण आहे? सांगा की."

"सांगू नका म्हणलाय. घरची गोष्ट हाय त्याच्या."

"चोर काय सांगेल, सांगत सुटा म्हणून?"

हे हसले, पण सांगितलं नाहीच. गाडी पोचवायलाही स्वतः गेले. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि घेऊन जातं. यांनी कुणाची गाडी घरपोच दिल्याचं मला आठवत नव्हतं. परत आले ते जेवण निम्मं टाकून उठले. रात्री कूस बदलत राहिले. नवऱ्यावर संशय घ्यायची मला सवय नाही, पण त्या दिवसांत मी यांच्या सदऱ्याचे खिसेसुद्धा चाचपले. तंबाखूची पुडी निघाली, आणखी काही नाही.

त्यानंतरच कालव्याच्या वाटेवर मला ते माग दिसू लागले. वाट फुफाट्याची. मळ्याकडची पायवाट येऊन मिळते तिथून पुढं बाईमाणसाची अनवाणी पावलं, लहानशी, सरळ रेषेत. त्यांच्या मागोमाग मोटारसायकलच्या चाकाची रेघ. आणि चाकाच्या उजव्या अंगाला थोड्या थोड्या अंतरानं पाय घासल्याचे ओरखडे. मोरीच्या, म्हणजे कालव्यावरच्या छोट्या पुलाच्या, पुढं गवत लागतं, तिथं सगळंच नाहीसं होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. कुणीतरी एका बाईच्या मागावर रोज होतं, आणि माझ्या नवऱ्यानं त्याला ती गाडी करून दिली होती.

हे सामान आणायला पुण्याला गेले त्या संध्याकाळी दिगू आला. दिगू गोदाक्काचा धाकटा. मोठा भला मुलगा, पण त्याची गाडी म्हणजे गल्लीचा छळ. सायलेन्सर फोडून ठेवलेला, कोपऱ्यावरनं वळला की घरातली भांडी वाजायची. त्या दिवशी चालत आला, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं.

"काकी, काळी गाडी, मागं चिखल. तुमच्याच गॅरेजातनं गेली ना?"

"का रे?"

"आज पहाटं बघितली मी. एका म्हातारीच्या मागं. हे एवढ्या अंतरावर! ती चालंल तसा चालतोय, थांबंल तसा थांबतोय. उद्या मोरीपाशी धरतो त्याला. आम्ही तिघं हाय."

मागून गोदाक्का आली. "हातपाय मोडा, पण जीव घेऊ नका रे. आणि माझं मंगळसूत्र कुठं विकलं ते आधी विचारा."

"मिस्त्रीकाका कुठायत?"

"पुण्याला. सकाळच्या एसटीनं येतील."

"बरं झालं. मधे पडले असते."

मी म्हटलं, "दिगू, हे म्हणत होते चोर नाही तो."

"मग कोण हाय, ते म्हणले का?"

मी आत जाऊन सकाळचा तांब्या घासायला घेतला.

पहाटे मी रोजच्यापेक्षा लवकर तांब्या भरून निघाले. चांदण्या विरत चाललेल्या, कालव्याचं पाणी काळं दिसत होतं. मळ्याची वाट मिळते तिथं पोचायच्या आत कानावर आवाज आला, आणि मी जागीच उभी राहिले. मी तो कुठंही ओळखला असता. एक नाम, एक ठोका.

पायवाटेवरून आधी ती बाई बाहेर आली. साठीच्या पुढची, सडसडीत, केस मोकळे, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, रानात काम करताना खोचतात तसं. मागं बघत नव्हती. तिच्या मागून ती गाडी, दिवा न लावता. मफलरवाला उजवा पाय रस्त्याला लावत, घासत, तोल सांभाळत चालला होता. मी बाभळीआड झाले. ती दोघं माझ्यासमोरून गेली आणि मला दिसलं, बाईचा गळा मोकळा होता. कपाळही. काळी पोत नाही, फुटका मणी नाही. त्या गळ्यातून कुणी काय ओढणार होतं?

मी मागोमाग चालू लागले. पावलं उचलली, पण ओरडायचं तर तोंडाला नेम होता, आणि ओरडून सांगायचं तरी काय, तेही कळलेलं नव्हतं. तेवढ्यात मोरी आली. कठड्याआडून तिघं उठले. एकानं हँडल धरलं, एकानं त्याची मानगूट, आणि दिगूनं झडप घालून किल्ली काढून घेतली.

गाडी बंद झाली.

"बंद करू नका!" तो माणूस किंचाळला. "पाया पडतो, गाडी बंद करू नका!"

"का? पळायचं राहिलं व्हय?"

त्याला खाली ओढलं तसा तो कोसळला. पायजमा वर सरकला. डावा पाय काठीसारखा, गुडघ्यापासून खाली लोखंडी पट्ट्यांत बांधलेला. मारायला उचललेली काठी तशीच वर राहिली.

पण मी बघत होते त्या बाईकडे. आवाज थांबला तशी ती गर्रकन वळली. तिला ना माणसं दिसत होती ना काठ्या.

"आवं!" तिनं हाक घातली. "इंजान का थांबलं? आवं, बोला की!"

आणि ती पळत सुटली ती सरळ कालव्याकडे. वळणावळणाचं नाही, थेट पाण्याकडे.

"धरा तिला! पाण्यात उतरंल ती!" जमिनीवरून तो ओरडत होता. दोघं तिच्यामागं धावले, तसं त्यांचं धावणं ऐकून ती आणखी जोरात पळाली.

मी तांब्या वाटेत ठेवला. दिगूच्या पुढ्यात जाऊन तळहात पसरला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी हात हलवला, दे. त्यानं किल्ली दिली. पदर खोचला, किल्ली लावली, गाडीला टेकून किक मारली. फुकट गेली. पुन्हा मारली. ॲक्सिलरेटरला हात लावायची इतकी इच्छा झाली होती, पण लावला नाही.

गाडी लागली. एकदा खोल दम घेतला, आणि ठोके पडू लागले. एकसारखे.

ती काठाच्या उतारावर होती. एक पाय पाण्यात. तशीच थांबली. मान तिरकी करून ऐकलं.

"लागलं की," ती म्हणाली. आवाजातलं भ्यालेपण जसं काही नव्हतंच. "मला वाटलं, काय झालं आणि काय न्हाई."

सावकाश वर आली. माझ्या पायांशी फुफाट्यात बसली आणि दोन्ही हातांनी माती ओढून वाफा बांधू लागली. छोटासा, चौकोनी, वरंब्यासकट. मग एका कोपऱ्यात बोटानं वरंबा फोडून दारं मोडलं आणि वाट बघत बसली, पाटातलं पाणी इकडे वळायची. गाडी चालूच होती. कुणी हलत नव्हतं. मी तांब्या उचलला आणि त्या दारातून पाणी आत सोडलं. धार तिनं हातानं फिरवली, या कडेला, त्या कडेला, सगळं पाणी जिरेपर्यंत.

"झालं रान भिजून," ती म्हणाली आणि हात झटकून उठली.

मग मी बोलले. "या कोण?" मी त्या माणसाला विचारलं.

"वैनी माझी." तो कठड्याला टेकून बसला होता, ओठातून रक्त येत होतं. "मी भानुदास खलाटे, पलीकडच्या मळ्यातला. आई न्हाई मला, हिनंच वाढवला. चौथीपर्यंत कडेवर घेऊन शाळेत सोडला हिनं."

दिगूनं काठी खाली टाकली.

"दादा विहिरीवर इंजिन लावायचा, आणि ही खाली दारं धरायची, वाफ्यावाफ्यात पाणी सोडायची. एक दिवस इंजिन बंद पडलं. पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल बघायला दादा विहिरीत उतरला आणि पाय निसटला. ही शेवटच्या वाफ्यावर होती. होईल चालू म्हणून बसून राहिली." त्यानं मफलरनं तोंड पुसलं. "त्या दिवशी ती धावली न्हवती. आता डोक्यातलं सगळं गेलंय, मला पण वळखत न्हाई. पहाटं उठली की निघती. अडवलं तर डोकं आपटून घेती. इंजिन वाजत असलं की शांत चालती, दमली की बसती, मग मागं बसवून घरी नेतो. पण गाडी बंद पडली की धावती. मला तर धावता येत न्हाई, आणि किक मारायला ह्या पायावर उभं राहता येत न्हाई."

"मग बायकांचं का विचारत होता?" मी म्हटलं.

"कुणी समोर आलं, बोललं, की बुजती. वाट मोकळी कवा असती, ते बघत होतो."

"अहो, पण मग सांगायचं की कुणाला!" दिगू जवळजवळ रडवेला होऊन ओरडला.

"काय सांगू? पुतणीची सोयरीक चाललीय. आई वेडी हाय कळलं तर पोरीला कोण करंल?"

एसटीतून उतरून हे तिथंच आले. मोरीवर गर्दी बघितली, भानुदासचा ओठ बघितला, चालू गाडीपाशी मला बघितलं. वाकून इंजिनाला कान दिला आणि म्हणाले, "जरा गरम झाल्यावर पाव आटा सोडाय पायजे."

मुलाकडचे लोक शुक्रवारी बैठकीला बोलावत होते. भानुदासला पुतणीला घेऊन जाणं भाग होतं, आणि एक मुक्काम पडणार होता. हे म्हणाले, "वैनीच्या मागं गाडी घेऊन मी येतो शनिवारी पहाटं." तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि ते पुढं बोलू शकले नाहीत.

"मी येतो," दिगू म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"तू?" हे म्हणाले. "तुला गाडी हळू चालवताना बघितलीय का कुणी?"

"शब्द देतो, मिस्त्रीकाका."

दिगूच्या शब्दाची गल्लीत काय किंमत होती, ते मला माहीत होतं. गुरुवारी संध्याकाळी भानुदासनं गाडी आमच्या अंगणात आणून सोडली. दिगू शिकायला बसला. मूठ पिळली की गाडी उडी मारायची, सोडली की मरायची.

"हाताला खाज सुटलीय काय? सोड तो ॲक्सिलरेटर!"

"सोडला तर पडतंय की काका!"

"पडत न्हाई. तिच्यावर इश्वास ठेव. पाय लाव जमिनीला."

गोदाक्का दारात उभी राहून म्हणाली, "अरे, पोरीला सायकल शिकवतात तसं शिकतोय बघा माझा वाघ!" दिगू लाजून लालेलाल झाला, गाडी भिंतीला टेकवली आणि न सांगता निघून गेला. शुक्रवारी दिवसभर दिसला नाही. संध्याकाळी नाक्यावरून त्याच्या फुटक्या सायलेन्सरचा आवाज मात्र आला, भरधाव, नेहमीसारखा. मी यांना म्हटलं, "तो यायचा नाही. तुम्ही गरम कपडे काढून ठेवा."

"बघू," हे म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गोदाक्काचं मंगळसूत्र नेणारे कधी सापडले नाहीत. त्या शनिवारी पहाटे मी आंघोळ करून ओल्या केसांनी दारात आले, तेव्हा अंगण रिकामं असेल आणि गाडी भिंतीला तशीच असेल, असं धरूनच आले होते. यांना उठवायचं कसं, ते मनात जुळवत होते.

अंगणात दिगू उभा होता. अनवाणी. गाडीवरचं फडकं त्यानं घडी करून ओट्यावर ठेवलं. मला बघितलं, पण माझं मौन असतं हे त्याला माहीत, म्हणून नुसती मान हलवली. गल्ली झोपलेली होती. त्यानं गाडी चालू केली नाही; दोन्ही हातांनी ढकलत, दगड चुकवत, गोदाक्काच्या दारावरून बाहेर नेली. नाक्यापलीकडे गेल्यावर किक मारल्याचं ऐकू आलं. एकदा गाडी बंद पडली. मी तांब्या हातात धरून थांबले. पुन्हा किक पडली, इंजिननं दम घेतला, आणि आवाज मळ्याच्या वाटेला लागला, पायी माणूस जाईल तितक्याच चालीनं.